आत दोन, बाहेर बत्तीस

बीएमडब्ल्यूची ई-४६ एम-३ कारखान्यातून निघायची ती १८ इंची चाकांवर. पुढे २२५ मिलिमीटर रुंदीचे टायर, मागे २५५. इंजिन ३.२ लिटरचं, ३४३ अश्वशक्तीचं, आणि ताकद सगळी मागच्या चाकांना. तेव्हा मागे रुंद टायर हे ओघानं आलंच. पण पुढे अरुंद ठेवण्यात आणखी एक सावधपणा असतो. वळणात वेग जास्त झालाच, तर आधी पुढची पकड सुटावी. गाडी वळायची सोडून सरळ जाऊ लागते, माणूस घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो आणि बहुधा निभावतं. आधी मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते.

म्युनिकमधल्या माझ्या मित्राला हा सावधपणाच खुपत होता. नूर्बुर्गरिंगच्या जुन्या, जवळपास २१ किलोमीटरच्या ट्रॅकवर जाऊन आलं की पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा खाल्लेल्या असत. ‘‘मी सांगतोय आणि ती ऐकत नाही,’’ असं तो म्हणे. म्हणून पुढेही २५५ घालायचे ठरले.

रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकणार, हा समज अर्धाच खरा. टेकणारा पट्टा किती मोठा, हे मुख्यतः चाकावरचं वजन आणि टायरमधली हवा ठरवतात. टायर रुंद केला की तो पट्टा लांबीला आखडतो आणि आडवा पसरतो. वळणात बाजूनं रेटा येतो तेव्हा हा आडवेपणा कामाला येतो.

खरी अडचण जागेची. मूळ रिम ८ इंच रुंद, ऑफसेट ४७. म्हणजे रिमची मध्यरेषा हबच्या पृष्ठभागापासून ४७ मिलिमीटर आत. तोच ऑफसेट ठेवून २५५ चा टायर घातला तर तो आतल्या बाजूला १५ मिलिमीटर सरकतो आणि शॉकॲब्सॉर्बरच्या नळकांड्याला भिडतो. म्हणून ९ इंची रिम घेतली, ऑफसेट ३० ची. आता हिशेब असा: आतल्या बाजूला टायर उलट २ मिलिमीटर लांब गेला, आणि बाहेर ३२ मिलिमीटर आला. वाढलेली सगळी रुंदी मडगार्डच्या वाट्याला.

जर्मनीत तासाच्या भाड्यानं लिफ्ट देणारी वर्कशॉप असतात, हत्यारंही तिथलीच. जुनी चाकं उतरवली, हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं घासला. या गाडीच्या हबला स्टड नसतात, बोल्ट बाहेरून आत पिळायचे. त्यामुळे चाक एका हातानं तोलून दुसऱ्या हातानं भोक शोधण्याची कसरत होते. आधी हबच्या एका भोकात लोखंडी दांडी पिळायची आणि चाक तिच्यावर टांगायचं, ही युक्ती वर्कशॉपवाल्यानं न विचारता दाखवली. मडगार्डच्या आतल्या कडेला लहान मुलांच्या खेळण्यातली माती चिकटवली, चाक जॅकनं वर दाबलं, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवलं. मातीत टायरची घासलेली रेघ स्वच्छ उमटली.

मडगार्डच्या कडेचा पत्रा आतून दुमडलेला असतो, तो आणखी आत दाबायचा होता. त्यासाठी चाकाच्या जागी हबला एक लोखंडी हात बसवतात, त्याच्या टोकाला रोलर. हीट गननं रंग तापवत राहायचं. बोट टेकवलं की चटका बसायला हवा. गार रंगावर रोलर फिरवला की तडे गेलेच. रोलर कडेवर ठेवून हात पुढेमागे झुलवायचा, दर फेरीला दाब किंचित वाढवायचा. घाई केली तर कड आत जाते आणि वरचा पत्रा लाटेसारखा उठतो. या कामाला कान लागतो. पत्रा हलकेच करकरला की थांबायचं, पुन्हा तापवायचं.

तरीही जागा कमीच होती. बॉनेटखाली स्ट्रटच्या, म्हणजे त्या शॉकॲब्सॉर्बरच्याच, माथ्याला जागेवर ठेवणारी एक छोटी पिन असते. ती काढली की माथा थोडा आत ढकलता येतो आणि चाकाची वरची कड आत झुकते. वळणात हे कलणं फायद्याचंच. मग बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळले, अलाइनमेंट करून घेतली.

सरकारी सोपस्काराला मी नाकं मुरडणारा माणूस, पण चाकं बदलल्यावर गाडी तपासून तशी नोंद करणारा इथला तपासनीस पाहण्यासारखा. रिमच्या कंपनीचं चाचणीपत्र त्यानं वाचलं. मग एक पुढचं आणि तिरपं विरुद्ध असं एक मागचं चाक ठोकळ्यांवर चढवलं, गाडीला पीळ दिला आणि प्रत्येक फटीत बॅटरी मारली. चाकाच्या मध्यापासून पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश, एवढ्या भागात टायर मडगार्डखाली झाकलेला हवा, हा नियम. तो कसाबसा पाळला गेला होता. त्याच्या नोंदीशिवाय गाडी रस्त्यावर काढली असती तर अपघातात विमा कंपनी हात आखडता घेऊ शकली असती.

फायदा पहिल्याच घाटात कळला, तोटा ऑटोबानवर. ट्रकांनी उजव्या लेनमध्ये पाडलेल्या चाकोऱ्यांत ही गाडी आता आपणहून शिरू पाहते. स्टिअरिंग सतत धरून ठेवावं लागतं. आणि पुढची पकड वाढल्यामुळे मर्यादा ओलांडताना आता मागची चाकं आधी बोलतात, ओल्या रस्त्यावर तर नक्कीच. कारखान्यानं घेतलेली काळजी आता चालवणाऱ्याकडे आली. ट्रॅकवर गेल्या गेल्या घसरण आवरणाऱ्या यंत्रणेचं बटण बंद करणारा माझा मित्र हल्ली ते चालूच ठेवतो.