स्कूल बस : चाक थांबल्यावरचे नियम

उल्हासनगरहून निघालेली स्कूल बस अंबरनाथमध्ये शिरली की तिची कायदेशीर वेगमर्यादाच बदलते. राज्याच्या 2011 च्या स्कूल बस नियमावलीत महापालिका हद्दीत ताशी 40 किलोमीटर आणि बाहेर 50 अशी मर्यादा आहे. उल्हासनगरला महापालिका, पुढे अंबरनाथ आणि बदलापूरला नगर परिषद. अर्थात, सकाळच्या गर्दीत कल्याण-बदलापूर रस्त्यावर काटा 30 वर गेला तरी नशीब!

त्यामुळे इथे चालकाचा कस लागतो तो बस थांबल्यावर. बसच्या अगदी नाकासमोर उभं राहिलेलं पहिलीतलं पोर सीटवरून दिसत नाही. उतरलेलं मूल पुढूनच रस्ता ओलांडतं, बाटली पडली म्हणून वाकतं आणि नेमका तेव्हाच गिअर पडतो. म्हणून बसमधल्या मदतनीस मावशींनी मुलाला हात धरून कडेला न्यावं आणि त्यांनी 'चला' म्हटल्याशिवाय बस हलू नये. सोसायटीच्या आवारात बस मागे घेताना मावशी खाली, आरशात दिसतील अशा उभ्या हव्यात. दिसेनाशा झाल्या की ब्रेक. शेवटच्या थांब्यानंतर मागच्या सीटपर्यंत चालत जाऊन पाहायचं. झोपलेलं मूल सीटखाली घरंगळलेलं असू शकतं.

नोव्हेंबर 1997 मध्ये दिल्लीत वझिराबादला शाळेची बस यमुनेत कोसळून 28 मुलं दगावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने चालकाला जड वाहनाचा किमान 5 वर्षांचा अनुभव बंधनकारक केला. राज्याच्या नियमांत बसमध्ये मदतनीस हवा, मुली असतील तर महिला मदतनीस हवी. बदलापुरात शाळेतल्या चिमुरड्यांवरील अत्याचारानंतर 20 ऑगस्ट 2024 रोजी लोक रुळांवर उतरले, तेव्हापासून चालकाच्या पोलीस पडताळणीबद्दल पालक विचारू लागले. पण नेहमीचे चालक काका रजेवर गेले की बदली चालक येतो, त्याचं नाव कुणालाच माहीत नसतं. रिक्षा आणि व्हॅनमध्ये बऱ्याचदा मावशीच नसतात. महिन्याला पैसे कमी लागतात म्हणून पालक ही वाहनं निवडतात. त्यांना नुसता दोष देऊन भागणार नाही.

मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते, तिच्यात पालकही असतात. आपल्या शाळेच्या समितीत कोण आहे ते या आठवड्यात विचारा आणि बदली चालकाचं लायसन्स, पोलीस पडताळणी पाहायला सांगा.