अंगणातील सागवानी बाकाची निगा



भैंसा परिसर २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात मोडत असला, तरी जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील रानांच्या सागवानाचा लौकिक आपणा सर्वांना ठाऊक आहे. पुष्कळांच्या अंगणात आजोबांच्या वेळचे सागवानी बाक अजून उभे असते. ते टिकते, कारण सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल व वाळवीला न मानवणारी द्रव्ये असतात. सालीजवळच्या पांढुरक्या लाकडात हा गुण नसतो. कीड बहुधा तेथूनच शिरते.

लाकूड उन्हाने करडे पडले म्हणजे कुजले, असे समजू नये. ऊन फक्त वरचा पातळ थर बदलते. खरा शत्रू म्हणजे पायांच्या टोकांतून मुरणारे पाणी. म्हणून पाय काळ्या मातीत न रोवता फरशीच्या तुकड्यांवर टेकवावेत.

मृगाच्या आधी एकदा व दिवाळीच्या सुमारास एकदा बाक धुवावे. कोमट पाणी, थोडा साबण व काथ्याचा ब्रश पुरे. लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावे. तारेचा ब्रश वापरू नये. लोखंडाचे कण अडकून काळे डाग पडतात. मग दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्यावे. खडबडीत जागा १२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासाव्यात. त्या वेळी नाकातोंडाला फडके बांधावे, कारण सागाच्या भुशाने खोकला येतो व काहींच्या अंगाला खाज सुटते.

आता दोन गोष्टी नीट ध्यानी धरा.

पहिली : वाळवी लागू नये म्हणून ट्रॅक्टरचे जळके ऑइल लाकडाला फासण्याची रीत आहे. त्या ऑइलमध्ये कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये असतात. ज्या बाकावर लेकरे बसतात, जेवतात, त्याला ते कदापि लावू नये.

दुसरी : सागाला तेल दिलेच पाहिजे असे नाही. द्यायचेच असेल तर जवसाचे तेल पातळ लावून जादा तेल पुसून घ्यावे. पण पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. हे तेल सुकताना हवेतील प्राणवायूशी संयोग पावते व उष्णता निर्माण होते. बोळ्यात ती कोंडते आणि काही तासांनी, काडी न लावताही, चिंध्या पेट घेऊ शकतात. आपल्याकडे चांगला भाव येईपर्यंत कापूस घरातच साठवलेला असतो. तेथे अशी एक चिंधी वर्षभराच्या कष्टांची राख करील. चिंध्या लगेच पाण्याच्या बादलीत बुडवाव्यात, किंवा उघड्यावर एकेक पसरून पूर्ण वाळवाव्यात.

आम्ही तर असे सुचवू, की घरात कापूस आहे तोवर तेलाचे काम हाती घेऊच नये. साबणपाण्याने धुतलेले बाक तेवढे दिवस सहज थांबेल.