मुलांची खावटी : हुकूम झाल्यावर रक्कम कधी बदलते?

(झरी, जि. परभणी येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

कायद्याच्या पुस्तकात ज्याला ‘पोटगी’ किंवा ‘निर्वाह खर्च’ म्हणतात, त्याला आपल्याकडे खावटी म्हणतात. खावटीची केस कशी टाकायची हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण हुकूम होऊन पाच-सात वर्षं गेली, मूल मोठं झालं, बापाची कमाई वाढली किंवा बुडाली, तर त्या जुन्या हुकुमाचं काय करायचं, हे फारसं कोणी सांगत नाही. आज आपण तेवढाच भाग घेऊ. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वकिली केली नाही. तेव्हा आपल्या केसचा सल्ला वकिलाकडूनच घ्यायचा. त्यामागचा विचार मात्र आपल्याला इथे समजून घेता येईल.

आधी एक फरक नीट लक्षात घेऊ. मुलाला पोसायची जबाबदारी कोर्टाच्या हुकुमाने जन्माला येत नाही, मुलाबरोबरच येते. हुकुमातला आकडा हा तिचा त्या दिवशीचा हिशेब असतो. मूल तीन वर्षांचं असताना केलेला हिशेब ते दहावीला गेल्यावर कसा पुरेल?

कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत खावटी कलम १२५ मध्ये होती आणि तिच्यातला बदल कलम १२७ मध्ये. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिथे तीच कलमं अनुक्रमे १४४ आणि १४६ झाली. ही तरतूद सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू आहे. हिंदूंसाठी शिवाय १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ आणि १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम २५ आहे. या सगळ्यांत रक्कम बदलायची वाट ठेवलेली आहे, आणि कोर्ट मुख्यतः एकच गोष्ट विचारतं : हुकूम झाल्यापासून परिस्थितीत काय बदललं? जुनं भांडण कोणामुळे झालं, हे तिथे पुन्हा उगाळायचं नसतं.

अॅरिस्टॉटलने न्यायाबद्दल लिहिताना लेस्बोस बेटावरच्या गवंड्यांचा दाखला दिला आहे. ते शिशाची पट्टी वापरत. दगडाचा आकार जसा असेल तशी ती वाकायची. नियम सर्वांसाठी एकच असला तरी तो प्रत्येक प्रसंगाला बेतावा लागतो, असं त्याला म्हणायचं होतं. कलम १४६ म्हणजे आपल्या कायद्यातली अशीच एक शिशाची पट्टी आहे.

आता कोणते बदल धरले जातात ते बघू. रक्कम वाढवायची कारणं साधी आहेत : शाळा-कॉलेजचा खर्च वाढला, मुलाला मोठं आजारपण लागलं, महागाईने जुनी रक्कम तोकडी पडली, बापाला नोकरी किंवा बढती मिळाली. कमी करायचीही कारणं असतात : नोकरी खरोखर गेली, अपघाताने अपंगत्व आलं, आई चांगलं कमवू लागली, किंवा मूल बापाकडेच राहायला आलं. आई कमावती झाली म्हणून बाप मोकळा होत नाही. मुलाचा खर्च दोघांच्या कमाईच्या प्रमाणात वाटला जातो. आईने दुसरं लग्न केलं तरी मुलाचा बाप बदलत नाही.

शेतकऱ्याचं काय, हा आपल्या भागातला खरा प्रश्न. एका हंगामात सोयाबीन हातचं गेलं, तर ती अडचण आहे. पण कायमचा बदल म्हणून ती पटवून देणं अवघड. जमीनच गेली किंवा शरीर कामाचं राहिलं नाही, तर गोष्ट वेगळी. मुद्दाम नोकरी सोडली, जमीन भावाच्या नावावर केली, असल्या युक्त्यांना कोर्टं आता सरावलेली आहेत. धडधाकट माणसाने मोलमजुरी करूनही बायकामुलांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येही बजावलं आहे.

एक उदाहरण आपल्याच राज्यातलं. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने एका लहान मुलासाठी सप्टेंबर २०१३ पासून महिना ५,००० रुपये आणि सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये ठरवले. मूल वाढतं तसा खर्च वाढतो, हे त्या हुकुमातच दिसतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ हा निकाल आला. खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, मालमत्ता व देणी शपथपत्रावर उघड करावीत, हे त्यात देशभरासाठी ठरलं. पूर्वी तर कायद्यातच कमाल ५०० रुपयांची मर्यादा होती; महाराष्ट्राने ती १९९९ मध्ये १,५०० केली आणि २००१ मध्ये संसदेने ती काढूनच टाकली.

वयाचंही सांगायला हवं. कलम १४४ खाली मुलाची खावटी साधारण १८ वर्षांपर्यंत; शारीरिक वा मानसिक दुर्बलतेमुळे स्वतःचं पोट भरता येत नसेल तर पुढेही. हिंदू अविवाहित मुलीला मात्र, ती स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर, १९५६ च्या कायद्याखाली लग्नापर्यंत मागता येते. त्यासाठी वेगळा दावा लागतो.

दोन गोष्टींत लोक फसतात. पहिली, रक्कम आपोआप बदलत नाही. बापाने मनानेच कमी दिली तर उरलेली थकबाकी होते. आई गप्प बसली तर वाढीविना गेलेली वर्षं सहसा परत येत नाहीत. अर्ज करावाच लागतो. दुसरी, थकलेल्या रकमेसाठी वॉरंट हवं असेल तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज द्यावा लागतो. अर्जासोबत शाळेची फी पावती, दवाखान्याची बिलं, पगारपत्रक, सातबारा असे कागद जोडा. वकिलाची ऐपत नसेल तर परभणीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

(श्रोत्यांतून प्रश्न : सोडचिठ्ठीच्या वेळी एकरकमी पैसे घेऊन ‘पुढे काही मागणार नाही’ असं लिहून दिलं असेल तर?)

ताई, आईने स्वतःच्या हक्काबद्दल लिहून दिलं, तो एक भाग. मुलाचा हक्क मुलाचा; तो आईला सोडून देता येत नाही. आणि करारात ठरलेली रक्कमही परिस्थिती बदलली तर बदलता येते, असं १९५६ च्या कायद्याचं कलम २५ स्पष्ट सांगतं. मुलासाठी किती दिलं होतं, ते पुरतं का, हे कोर्ट बघेल. तेव्हा तो कागद टाकून देऊ नका, वकिलाला दाखवा.

आज इथेच थांबू.