लेकराचा फोटो घरातच काढा, खिडकीच्या उजेडात

भालकी, औराद, आळंदकडच्या जुन्या घरांत भिंती जाड आणि खिडक्या लहान. उदगीर-लातूरच्या आजोळी पाठवायला लेकराचा फोटो काढावा, तर चेहरा अंधारात. फ्लॅश मारला की डोळे मिटतात.

उपाय सोपा आहे. फ्लॅश बंद ठेवा. पिवळा दिवाही बंद करा, नाहीतर रंग बिघडतात. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीपासून दोन-तीन फुटांवर लेकराला बसवा. खिडकी पाठीशी नको, बाजूला हवी. करडी शहाबादी फरशी उजेड फारसा परतवत नाही. म्हणून दुसऱ्या बाजूला पांढरी चादर किंवा धोतर धरा, सावलीतला गाल उजळतो. कमी उजेडात हालचाल पुसट येते, त्यामुळे सलग चार-पाच फोटो घ्या. डोळ्यांत खिडकी चमकली, की जागा बरोबर समजा.