बेळगाव-मुंबई विमान: तिकिटावर सव्वा तास, घरापासून किती?

सांबरा ते मुंबई विमानतळ हे अंतर सरळ रेषेत सुमारे 400 किलोमीटर. कोल्हापूर-पुणे मार्गे रस्त्याने तेच 480च्या पुढे जातं. विमान हवेत तासाभराच्या आतबाहेर असतं. तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास वेळ दिसतो, कारण धावपट्टीपर्यंत जाणं आणि मुंबईत उतरायला थांबावं लागणं त्यात धरलेलं असतं.

पण हिशेब घरापासून करा. शहरातून सांबऱ्याला साधारण 10 किलोमीटर. बहुतेक कंपन्यांचं काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद. पुढे मुंबईत बॅग, टॅक्सी आणि ट्रॅफिक. एकूण चार-पाच तास झालेच. म्हणून परळच्या टाटा रुग्णालयात पेशंटला दाखवायचं असेल, तर विमान उतरल्यानंतर किमान दोन तासांनीच नंबर घ्या. सकाळी लवकरची वेळ मिळाली असेल, तर आदल्या दिवशीच निघालेलं बरं.