आधी पंखा, मग ट्रेनर

हिंगोली, सेनगाव, वसमत अशा गावांत वाढलेल्या बहुतेकांनी लहानपणी हा खेळ केलेला असतो. घरातली बावीस इंची काळी सायकल मागच्या स्टँडवर चढवायची, सीटवर टांग टाकायची आणि पॅडल मारत सुटायचे. मागचे चाक हवेत गरगर फिरते, डायनामो असेल तर दिवाही लागतो, सायकल मात्र जागची हलत नाही. म्हणून घरात वापरायच्या सायकल ट्रेनरचा विषय निघाला की ‘हे तर आपण फुकटात करत होतो, त्याला हजारो रुपये कशाला?’ हे वाक्य हमखास कानावर येते.

फरक आहे तो भाराचा. स्टँडवरच्या चाकाला अडवणारे कोणी नसते. सुरुवातीची दोन-चार पॅडल जड जातात, पुढे पाय नुसते फिरत राहतात आणि व्यायाम असा काही होत नाही. रस्त्यावर वारा, चढ आणि टायरचे घर्षण अडवते. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरचा वेग धरला तर निम्म्याहून कितीतरी जास्त ताकद एकटा वारा कापण्यात जाते. ट्रेनर हाच अडथळा घरात तयार करतो. मागचा ॲक्सल दोन्ही बाजूंनी पोलादी चौकटीत आवळला जातो, टायर एका रोलरवर टेकतो आणि त्या रोलरला चुंबक, पंख्याची पाती किंवा बंद डब्यातला दाट द्रव मागे खेचत राहतो. शिवाय सायकलचे स्टँड रिकामी सायकल उभी करण्यापुरतेच केलेले असते. सत्तर किलोचा माणूस वर बसून जोर लावू लागला की ते वाकते, नाहीतर फरशीवरून सरकते.

‘मोकळे रस्ते असताना घरात कशाला?’

हा प्रश्न मुंबईकराने विचारला असता तर समजण्यासारखे होते. हिंगोली जिल्ह्यातल्या रस्त्यांवर ज्याने वर्षभर सायकल चालवली आहे, त्याला उत्तर माहीत असते. उसाच्या हंगामात वसमत भागात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पहाटेपासून रस्त्यावर असतात आणि त्यांतल्या बऱ्याच ट्रॉल्यांना मागे धड लाल दिवाही नसतो. उन्हाळ्याच्या तोंडावर हळदीच्या गाड्या बाजार समितीकडे निघतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल डांबरावर येतो आणि टायर घसरतो. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असताना सकाळी आठनंतर बाहेर पडणे नकोसे होते. औंढा नागनाथ किंवा नर्सी नामदेवपर्यंतची सकाळची फेरी सुरेखच, पण ती वर्षाचे सगळे महिने जमत नाही. सरावात खंड पडू नये, एवढ्यासाठी ट्रेनर असतो.

तो हौशी लोकांचे खेळणे आहे, असेही म्हटले जाते. पण ऑस्ट्रेलियाचा व्यावसायिक सायकलपटू मॅथ्यू हेमन फेब्रुवारी 2016 मध्ये बेल्जियममधल्या एका शर्यतीत पडला आणि त्याचा हात मोडला. रस्त्यावर जाणे बंद झाल्यावर त्याने घरातल्या ट्रेनरवर सराव सुरू ठेवला. त्याच वर्षी 10 एप्रिलला दगडी फरसबंदीच्या रस्त्यांसाठी कुप्रसिद्ध असलेली पॅरिस-रुबे ही शर्यत त्याने जिंकली, तीही चार वेळा ती जिंकलेल्या टॉम बूननला मागे टाकून. आपल्याकडे दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब फेरी, साडेतेरा तासांत पुरी करायची म्हणून तयारी करणारे डॉक्टर, शिक्षक, बँकेतले लोक असतात. त्यांना रोज पन्नास किलोमीटरला वेळ मिळत नाही. घरातली पाऊण तासाची बैठक मात्र जमते.

आणि ती पाऊण तासाची बैठक दिसते तेवढी छोटी नसते. रस्त्यावर उतार येतो, सिग्नल लागतो, म्हैस आडवी येते, तेवढ्यात पाय थांबतात. ट्रेनरवर पाय थांबले की चाकही क्षणात थांबते, म्हणून तेवढ्याच वेळात काम जास्त होते.

‘कोणतीही सायकल बसते’

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. पहिला घोळ आकड्यांचा. बावीस किंवा चोवीस इंच हा काळ्या सायकलचा आकडा फ्रेमच्या उंचीचा असतो, चाकाचा नव्हे. ट्रेनरच्या खोक्यावर लिहिलेला आकडा मात्र चाकाचा असतो, साधारण 26 ते 29 इंच. मुलांच्या वीस इंची चाकाच्या सायकली त्यात बसतच नाहीत.

दुसरी अडचण मागच्या ॲक्सलवर दिसते. घरातल्या काळ्या सायकलचा मागचा नट नीट पाहावा. त्या एकाच नटाखाली स्टँडचे कान, कॅरिअरच्या दांड्या आणि मडगार्डची तार एकावर एक दाबून बसवलेली असते. ट्रेनरच्या पकडीला धरायला तिथे जागाच उरत नाही. स्टँड आणि कॅरिअर काढले आणि नटावर बसणारी योग्य आकाराची वाटी मिळाली, तर काही ट्रेनर ही सायकलही धरतात. पण रोज दूध किंवा डबा न्यायच्या सायकलचे कॅरिअर रोज पान्याने काढून पुन्हा बसवणार कोण? गिअरची, ॲक्सलला झटपट उघडणारा खटका असलेली सायकल या कामाला बरी. तीवर खटक्याची मूळ दांडी काढून ट्रेनरसोबत येणारी पोलादी दांडी घालावी, कारण मूळ दांडीचे टोक पकडीत घट्ट बसेलच असे नाही.

माउंटन बाइकचे खडबडीत टायर रोलरवर गुरगुरतात, घसरतात आणि लवकर झिजतात. गुळगुळीत टायर घालून त्यात दर वेळी सारखीच हवा ठेवली की निम्म्या तक्रारी संपतात.

महागड्या डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरला टायरची भानगड नसते, कारण मागचे चाकच काढून चेन थेट यंत्राच्या दातांवर चढवतात. तिथे गिअरची संख्या जुळावी लागते. आपल्याकडच्या अनेक सात गिअरच्या सायकलींचे फ्रीव्हील चाकावर आट्यांनी बसवलेले असते, ते काढून या यंत्रावर लावता येत नाही. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर चाक काढलेले असताना ब्रेकची मूठ चुकूनही दाबू नये. पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक पुन्हा बसवताना नाकी नऊ येतात.

‘जितका घाम, तितकी चरबी’

ट्रेनरखाली घामाचे थारोळे पाहून अनेकांना समाधान वाटते. काही जण तर मुद्दाम खिडक्या लावून, अंगात जॅकेट घालून बसतात. हिंगोलीच्या हवेत हा प्रकार फोल आहेच, वर धोक्याचाही आहे.

हिशेब सोपा आहे. नवा माणूस पॅडलवर साधारण शंभर वॅटची ताकद लावतो. शरीराने खर्च केलेल्या ऊर्जेतला जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोहोचतो, उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे शंभर वॅटसाठी अंगातून तीन-चारशे वॅट उष्णता बाहेर पडते. जुने साठ वॅटचे पाच-सहा पिवळे बल्ब बंद खोलीत पेटवून मध्ये बसावे, तसे हे झाले. रस्त्यावर अंगावर येणारा वारा ही उष्णता घेऊन जातो. खोलीत सायकल जागेवरच असल्याने तो वारा नसतो.

घाम येतो तो अंग थंड करण्यासाठी, आणि थंडावा मिळतो तो घाम वाळताना. एक लिटर घाम कातडीवरून वाळला तर सुमारे चोवीसशे किलोज्यूल उष्णता घेऊन जातो; तोच फरशीवर ठिबकला तर जवळपास काहीच नेत नाही. खालचे थारोळे म्हणजे वाया गेलेला घाम. पंख्याशिवाय बसलेल्याच्या हृदयाचे ठोके तेवढ्याच कामाला हळूहळू वाढत जातात, पाय लवकर थकतात आणि तासाची बैठक वीस मिनिटांत उरकते. चरबी त्यामुळे उलट कमीच जळते.

बैठक संपल्यावर वजनकाट्यावर अर्धा-पाऊण किलो घटलेले दिसते, ते पाणी असते. शंभर वॅटने तासभर चालवले तर खर्च होतात साडेतीनशे-चारशे कॅलरी. अंगावरच्या एक किलो चरबीत साधारण सात हजार सातशे कॅलरी असतात. वीसेक तासांचा हा मामला एका घामेजल्या संध्याकाळी उरकत नाही.

मराठवाड्यातल्या घरांत कूलर असतो आणि लोकांना वाटते, झाले काम. कोरड्या मे महिन्यात खिडकी उघडी ठेवून कूलर लावला तर छान उपयोग होतो. बंद खोलीत मात्र तोच कूलर हवा दमट करतो, घाम वाळेनासा होतो आणि वीस मिनिटांत जीव घाबरा होतो. जुलै-ऑगस्टमध्ये तर कूलरचे पाणी बंद करून नुसता पंखा चालवावा. छताचा पंखा पुरत नाही. छातीवर वारा येईल असा जमिनीवर उभा करायचा मोठा पंखा लागतो. उन्हाळ्यात वेळ पहाटेचीच धरावी, कारण पत्र्याचे किंवा उघड्या स्लॅबचे घर रात्री दहालाही तापलेले असते. हाताशी पाण्याची बाटली असावी आणि लांबच्या बैठकीला मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत.

‘लाईट गेली की ट्रेनर बंद’

साध्या चुंबकी किंवा द्रवाच्या ट्रेनरला विजेची तारच नसते. लाईट गेली तर बंद पडेल तो पंखा. विजेवर चालतात ते स्मार्ट ट्रेनर, जे मोबाइलवरच्या ॲपच्या सांगण्यानुसार भार कमी-जास्त करतात. त्यांतले बहुतेक प्लगशिवाय नीट भार देत नाहीत. टॅक्स कंपनीचे निओसारखे एखादे यंत्र पॅडलमधूनच स्वतःपुरती वीज बनवते, पण ते महाग. झ्विफ्टसारखी ॲपे दर महिन्याला पैसे घेतात. व्यायामाला त्यांची सक्ती नाही, कंटाळा जावा म्हणून ती असतात. भिंतीवरचे घड्याळ आणि मोबाइलवरची गाणी यांवरही वर्षे काढणारे लोक आहेत.

‘ट्रेनरवर चाळीस किलोमीटर झाले’

ते झालेले नसतात. चाक किती वेळा फिरले, एवढेच मीटर सांगतो. भार हलका ठेवला तर कोणीही घरात ताशी चाळीसचा वेग दाखवू शकतो. म्हणून मोजायचे ते मिनिटे आणि दम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला की तो मध्यम समजावा. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

रस्त्यावरचे तोल सांभाळणे, वळण घेणे, खड्डा चुकवणे यांतले काहीही जागेवर आवळलेल्या सायकलवर शिकता येत नाही, हेही सांगायला हवे.

‘गुडघे जातात’

गुडघे दुखवते ती बहुतेक वेळा सीटची उंची. पाय जमिनीला सहज टेकावेत म्हणून आपल्याकडे सीट खाली ठेवायची सवय आहे. घरात पाय टेकवायचेच नसतात. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवावी, पॅडल अगदी खाली न्यावे. पाय सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात हवा तेवढा थोडा बाक आपोआप राहतो. मागचे चाक ट्रेनरवर किंचित उचलले जाते, म्हणून पुढच्या चाकाखाली तेवढाच लाकडी ठोकळा द्यावा. नाहीतर सगळा भार हातांवर येतो. सायकल डुलत नसल्याने बैठकीचा भाग लवकर अवघडतो. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट पॅडलवर उभे राहिले की बरे वाटते.

शेजाऱ्यांची तक्रार येते ती बऱ्याचदा आवाजापेक्षा फरशीतून जाणाऱ्या कंपनांची. जिल्ह्यात कंपनांचा इतका बाऊ एरवी फक्त औंढ्याजवळच्या, गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठीच्या लायगो प्रकल्पाला करावा लागणार आहे. घरासाठी गोठ्यात गाईखाली अंथरतात तसली जाड रबरी मॅट उत्तम. ती जड असते, सरकत नाही आणि घामाने फरशीवर डागही पडू देत नाही. हँडलवर टॉवेल टाकावा, कारण घामातल्या मिठाने बोल्ट गंजतात. सायकल ट्रेनरने खराब होते म्हणतात, त्यात खरा भाग एवढाच. कार्बनची फ्रेम असेल तर पकडीत आवळण्याआधी कंपनीची हमी वाचून घ्यावी.

राहिला खरेदीचा प्रश्न. पहिल्यांदाच घेणाऱ्याने द्रवाचा किंवा चुंबकी साधा ट्रेनर घ्यावा. द्रवाचा थोडा महाग, पण वेग वाढला की त्यात भारही रस्त्यासारखा झपाट्याने वाढतो. डायरेक्ट ड्राइव्ह यंत्राची किंमत साध्याच्या कित्येक पट असते, त्याचे वजन पंधरा-वीस किलो भरते आणि बिघडले तर ते खोक्यात भरून मोठ्या शहरात पाठवण्याची तयारी ठेवावी लागते. सहा महिने साध्या ट्रेनरवर नेमाने बसलेल्यानेच त्याचा विचार करावा. तोवर उरलेल्या पैशांत पंखा, मॅट, गुळगुळीत टायर आणि पॅडची चड्डी घ्यावी.

घरात लहान मूल असेल तर आणखी एक काम करावे. फिरत्या चाकाच्या आऱ्यांत आणि चेनमध्ये बोट जायला क्षण पुरतो, आणि बैठक संपल्यावर रोलरमागचा डबा बराच वेळ चटका बसेल इतका गरम असतो. ट्रेनर दार लावता येईल अशाच खोलीत ठेवावा.