गालिचे धुणाऱ्या गाडीच्या दोन टाक्या

मंडळी, शहरांतून दारी येऊन गालिचे धुणाऱ्या गाडीत टाक्या दोन: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी गालिच्यातून ओढून घेतलेल्या मळक्या पाण्याची. त्या निवडताना आधी वजन पाहावे. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो. ४०० लिटर म्हणजे ४०० किलो! आणि धुऊन झाले म्हणून ओझे फारसे उतरत नाही. पाणी फक्त या टाकीतून त्या टाकीत जाते. मळकी टाकी स्वच्छ टाकीएवढी तरी हवी, कारण फेसालाही जागा लागते. अर्धी भरलेली टाकी वळणावर हिंदकळते, गाडी कलंडू शकते. म्हणून आत भोकांचे आडपडदे हवेत, टाकी सांगाड्याला घट्ट जखडलेली हवी. मळके पाणी मात्र मैल्याच्या बंद गटारातच सोडावे; ओढ्यात किंवा विहिरीजवळ नव्हे, बरं का!